सहा सेकंदांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

सिग्नलला हिरवा माणूस दिसला की आपण निर्धास्तपणे रस्त्यावर उतरतो. आमच्या समितीतले काहीजण परवा चौकाच्या कडेला नुसते बघत उभे होते. काठी टेकत निघालेल्या एक आजी जेमतेम मध्यावर पोचल्या आणि हिरवा माणूस लुकलुकायला लागला. त्या थबकल्या. पुढे जावं की मागे फिरावं, कळेना. तोवर झेब्रा पट्ट्यांवर पुढचं चाक आणून उभ्या असलेल्या दुचाकींची घरघर वाढली होती.

आजींचं काहीच चुकलं नव्हतं. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं बऱ्याच ठिकाणी धरतात. त्या हिशेबाने १४ मीटरचा रस्ता १२ सेकंदांत पार होतो. गुडघे धरलेल्या माणसाचा वेग ०.८ मीटरवर आला, तर त्यालाच १८ सेकंद लागतात. मधले हे सहा सेकंद तो भर रस्त्यात, गाड्यांसमोर असतो.

दुसरा धोका वळणाऱ्या गाड्यांचा. पादचाऱ्यांना आणि वळणाऱ्यांना एकदमच हिरवा मिळाला की गाडी थेट अंगावर येते. पादचाऱ्यांना ३ ते ७ सेकंद आधी सोडलं, तर गाडी वळेपर्यंत ते चालकाच्या नजरेसमोर आलेले असतात. यासाठी खोदकाम लागत नाही, बहुतेक ठिकाणी सिग्नलची वेळ बदलली की भागतं.

पण वाहतूक विभागाकडे नुसती तक्रार घेऊन जाण्यात अर्थ नाही, मोजलेले आकडे हवेत. म्हणून आम्हाला तुमचे दोन तास हवे आहेत, सकाळी किंवा संध्याकाळी, गर्दीच्या वेळी. कोणाला ओलांडायला किती सेकंद लागले, कोण अर्ध्यात अडकलं, किती गाड्या थांबरेषा ओलांडून उभ्या होत्या, एवढंच टिपायचं. मोबाइलमधलं घड्याळ पुरतं. टिपणं तपासायला वाहतुकीचा जाणकार अभियंता लागेल. शिवाय दृष्टिहीनांना हिरवा सिग्नल ऐकू यावा म्हणून, परवानगी मिळाल्यावर, खांबावर टिकटिक करणारं यंत्र बसवायचं आहे. देणगी या दोन कामांसाठीच हवी आहे. जमेल तेवढी द्या, प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि हिशेब समितीच्या फलकावर लागेल.

नावं समितीच्या कार्यालयात नोंदवा. काठी, कुबडी किंवा चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांनी, लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी तर जरूर यावं. तुम्हाला लागणारा वेळच आम्हाला मोजायचा आहे. रस्ता ओलांडताना आमचा माणूस तुमच्या सोबत असेल.

आपले,
समितीचे कार्यकर्ते