घरी शिकवता ना, मग वर्षाचं कागदावर लिहा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की आमच्या लातूर जिल्ह्यात वावराची मशागत आणि लेकरांच्या ॲडमिशन या दोन गोष्टींची एकच गडबड असते. आता त्यात तिसरी मंडळी आलीत, शाळेतून काढून घरी शिकवणारी. आम्ही पण त्यातलेच, औसा तालुक्यात राहतो, थोरली दहा वर्षांची आणि धाकटा सात वर्षांचा, दोघं घरीच शिकतात, त्यामुळे ओळखीपाळखीचे पालक मलाच फोन करतात. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, ताई सिलॅबस कोणता घेता, ॲप कोणतं चांगलंय, पुस्तकं कुठून मागवता. मार्च येईपर्यंत लेकराला नेमकं काय आलं पाहिजे हे ठरवलंय का असं उलटं विचारलं की समोरून एकदम शांत. म्हणून हे पत्र, लांबलंय जरा, पण छापा ही विनंती.

आधी जे मनात सलतंय ते बोलते. आपल्याकडे पोरगी सातवी-आठवीला आली की शाळा लांब आहे, एसटीचा टाइम जमत नाही, आईच्या हाताखाली कोणी नाही म्हणून घरी बसवायची सवय जुनीच आहे, आणि पुढं दोन वर्षांत तिचं लग्न उरकायचं. आता त्याला नवीन नाव मिळालंय, "आम्ही होमस्कूलिंग करायलोत." तेच ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांचं. बीड-धाराशिवकडच्या टोळ्या दिवाळीच्या आगंमागं कारखान्यावर जातात त्या पार उन्हाळ्यात परततात, ती लेकरं फडात असतात, त्यांना हंगामी वसतिगृह पाहिजे, शाळा पाहिजे, त्याला कुणी घरचं शिक्षण म्हणू नये. लेकराला घरी ठेवणं आणि घरी शिकवणं यातला फरक ओळखायचा कसा? माझ्या मते एकच खूण आहे, वर्षाच्या सुरवातीला लिहिलेला कागद. या वर्षात हिला काय काय करता येईल, आणि ते आलं की नाही हे आम्ही कसं बघणार. तो कागद ज्या घरात नाही तिथं शिकवणं चाललंय यावर माझा विश्वास बसत नाही, मग घर कितीही शिकलेलं असो.

कायद्याचं विचाराल तर शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, ६ ते १४ वयाच्या लेकरांसाठी. त्यात होमस्कूलिंगला वेगळं कलम नाही. कलम १० मधे लेकराला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हणलंय, पण नाही घातलं तर पालकाला शिक्षा काय ते कायद्यात नाही. म्हणजे आपण जे करतोय ते अशा मोकळ्या जागेत करतोय जिथं विचारणारं कोणी नाही, आणि म्हणूनच आपणच आपल्याला विचारलं पाहिजे. एक आधार मात्र आहे, कलम ४ प्रमाणे शाळेबाहेरचं लेकरू परत आलं तर त्याला वयाप्रमाणे वर्गात घ्यावं लागतं. त्यामुळं उद्दिष्टं लिहिताना एवढं तरी बघाच की उद्या काही कारणानं शाळेत परत जायची वेळ आली तर लेकरू त्या वर्गात भांबावून बसणार नाही.

आता कागद लिहायचा कसा. पहिल्यांदा आज लेकरू कुठं आहे ते बघा. यासाठी महागडी टेस्ट लागत नाही. प्रथम संस्था २००५ पासून लेकरांना वाचता येतं का, गणित येतं का हे बघणारा असर नावाचा जो सर्व्हे करते त्याची पद्धत घरी करण्यासारखी आहे, लेकराला अक्षरं, मग सुटे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा सोपा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट असं वाचायला द्यायचं आणि कुठं अडलं ते टिपायचं. गणितात तसंच, अंक ओळख, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं. घरोघरी करून बघा, पाचवीचं पुस्तक हातात असलेलं लेकरू भागाकाराला अडलेलं सापडेल. ते सापडलं की वर्षाचं पहिलं उद्दिष्ट आपोआप मिळालं की.

दुसरं, उद्दिष्ट असं लिहा की शेजारच्या माणसानं वाचलं तरी त्याला तपासता येईल. "मराठी सुधारणे", "गणिताची गोडी लावणे", "इंग्लिश स्पीकिंग" हे लिहून काय उपयोग, मार्चमधे ते झालं की नाही हे कोण सांगणार? "न शिकवलेली पानभर गोष्ट स्वतः वाचून तोंडानं सांगता येईल", "बाजाराचा हिशोब कागदावर मांडून किती पैसे परत येणार ते काढता येईल", हे कसं लगेच कळतं. कुणाला हे सुचत नसेल तर बालभारतीची पुस्तकं उघडा, पीडीएफ फुकट मिळतात, सुरवातीच्या पानांवर अध्ययन निष्पत्ती छापलेल्या असतात, म्हणजे त्या इयत्तेच्या लेकराला काय जमलं पाहिजे त्याची यादी. शाळेतली पुस्तकं वापरणारे पालक सुद्धा ते पान न बघता सरळ धड्यावर जातात, मला याचं फार वाईट वाटतं, कारण पुस्तकातलं सगळ्यात कामाचं पान तेच आहे. त्यातलं सगळं घ्यायची गरज नाही. एका वर्षाला सहा-सात मोठी उद्दिष्टं पुरे, पन्नास लिहिली की श्रावणापर्यंत कागद गुंडाळून माळ्यावर जातो.

आमच्या थोरलीच्या कागदावरचं एक सांगते म्हणजे कळंल. "पावसाळाभर रोज पाऊस मोजून त्याची नोंद ठेवता येईल आणि त्यावरून पाण्याचा हिशोब करता येईल." याला लागलं काय तर दोन लिटरची प्लास्टिकची सरळ बाटली. वरचा भाग कापून उलटा करून नरसाळ्यासारखा बसवला, तळ खालीवर असतो म्हणून खडे टाकून आणि पट्टीच्या शून्यापर्यंत पाणी भरून घेतलं, बाहेरून पट्टी चिकटवली, गच्चीवर उघड्यावर ठेवली, झालं पर्जन्यमापक. सकाळी आठ-साडेआठला ती बघायची, वहीत तारीख आणि मिलिमीटर लिहायचे, पाणी परत शून्यावर आणायचं. नंतर तुमच्या पेपरात मंडळनिहाय (महसूल मंडळ म्हणजे काही गावांचा गट) पाऊस येतो त्याच्याशी जुळवायचं, आणि तिचा पहिला प्रश्न आला, आई आपला आकडा आणि पेपरातला आकडा वेगळा का? मग मंडळ म्हणजे काय, मोजायचं यंत्र एका ठिकाणी असतं आणि आपलं वावर दुसरीकडं, पाऊस एका शिवारात पडतो आणि दुसऱ्यात नाही, हे सगळं त्यात आलं. चोवीस तासात ६५ मिमीच्या पुढं गेलं की अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्याचं बोलणं त्याच आकड्यावर फिरतं, हे तिला आजोबांच्या बोलण्यातून कळलं.

पुढं गणित. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एकर म्हणजे साधारण ४०४७ चौरस मीटर. मग ६५ मिमीला एका एकरावर किती? दोन लाख त्रेसष्ट हजार लिटर. तिला वाटलं गुणाकार चुकला म्हणून परत केला, तेवढंच आलं. तिला मी २०१६ चं सांगितलं, लातूरला एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. तिनं लगेच हिशोब काढला की दोन एकरावर एका दिवसात त्या अख्ख्या गाडीपेक्षा जास्त पाणी पडून वाहून जातं. मग ते जातं कुठं, अडवत का नाहीत, नाथसागर, मांजरा ही धरणं काय, बोअर किती खोल, विषयच संपेना. मला सांगा, हे भूगोल झालं का गणित झालं का विज्ञान? उद्दिष्ट मात्र एका ओळीचं होतं आणि ते झालं की नाही हे वही उघडली की दिसतं.

तसंच सोयाबीनच्या पट्टीचं, म्हणजे माल विकल्याच्या हिशोबाच्या चिठ्ठीचं. आमचे मामा म्हणजे सासरे लातूरच्या मार्केट यार्डातून आले की पट्टी नातीपुढं ठेवतात आणि म्हणतात, "काय गं, किती क्विंटल, भाव काय लागला, हमाली तोलाई किती कापली, सांग बरं." २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ होता, त्यापेक्षा किती कमी मिळाले ते काढायचं. दशांश, टक्केवारी, वजाबाकी सगळं त्या एका चिठ्ठीत.

भाषेसाठी आम्ही लिहिलं होतं, "एका माणसाची मुलाखत घेऊन ती दोन पानं सलग लिहून काढता येईल." किल्लारी आमच्याच तालुक्यातलं, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप आठवणारी माणसं घराघरात आहेत. पण तिला सांगितलं की आधी प्रश्न लिही, रडवणारे प्रश्न विचारायचे नाहीत, माणूस थांबला की आपण पण थांबायचं. ओळखीच्या एका आजींनी तिला बसवून घेऊन सांगितलं, पत्र्याच्या शेडमधले दिवस, नवीन गावातली घरं, कोण कुठं राहायला गेलं ते. हे लिहिताना तिचं ऱ्हस्व दीर्घ चुकलं, काही वाक्यं अर्धी राहिली, ती नंतर बसून नीट केली, पण शब्दाला शब्द जोडून स्वतःचं लिहिणं त्यात आलं, जे निबंधमालेतला निबंध पाठ करून येत नाही.

कॅलेंडर पण आपल्या मातीतलं ठेवा. शहरातल्या लोकांचे इंटरनेटवरचे वार्षिक प्लॅन बघून कॉपी करू नका. आपल्याकडं एप्रिलमधे दुपारी अंगाची लाही होते, लाइट असेल नसेल सांगता येत नाही, तिथं अवघड काही ठेवायचं नाही. जून ते सप्टेंबर आणि दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हे खरे कामाचे महिने. सुगीत घरातली माणसं वावरात असतात, तेव्हा बसून शिकवणं होणार नाही हे आधीच धरून चाला, नाहीतर मागं पडल्याची चिडचिड लेकरावर निघते. पोळा, १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिदिन, येळवस म्हणजे वेळा अमावस्या हे दिवस प्लॅनमधे मुद्दाम लिहा. येळवसला वावरात जाऊन भज्जी आंबील खाताना रब्बीची ज्वारी हरभरा ओळखणं, कोणतं पीक किती दिवसाचं हे विचारणं एवढं केलं तरी पुष्कळ. आणि दर तीन महिन्यानं कागद काढून लेकराला जवळ बसवून बघायचं, काय झालं, काय राहिलं, काय आता नको वाटतंय. उद्दिष्ट बदललं तर बदललं, खोडून नवीन लिहायचं आणि बाजूला तारीख टाकायची. धाकट्याला घड्याळ बघायला शिकायचं होतं ते त्यानं स्वतःच सांगितलं होतं, त्यामुळं त्याच्या मागं लागावं लागलं नाही.

आपल्या लातूर पॅटर्नमुळं उद्दिष्ट म्हणलं की मार्कच डोळ्यापुढं येतात. मेहनतीला मी नावं ठेवत नाही, त्यातून किती गरिबाची लेकरं डॉक्टर इंजिनियर झालीत. पण आठ वर्षांच्या लेकराच्या कागदावर रोज इतके तास, इतकी प्रकरणं, इतके पेपर असं लिहिलेलं मी बघितलंय तेव्हा फार वाईट वाटलं. त्यात खेळ नाही, मित्र नाहीत, घरातलं एकही काम नाही. घरी शिकणाऱ्या लेकराला तर चार लेकरांत रोज जाणं जास्तच गरजेचं, ते पण उद्दिष्ट म्हणून लिहा की, संध्याकाळी गल्लीत खो-खो, वाचनालयात एकट्यानं जाऊन पुस्तक बदलून आणणं, किराणा दुकानात स्वतः बोलणं.

परीक्षेची काळजी सगळ्यांना असते म्हणून थोडक्यात. एनआयओएस म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयात मुक्त मूलभूत शिक्षणाच्या अ, ब, क पातळ्या आहेत त्या तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या धरतात, दहावीला वय १४ पूर्ण लागतं आणि पाच विषय असतात, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला. आपल्या राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, आणि राज्य मंडळाच्या दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी, म्हणजे रोज शाळेत न जाता, बसता येतं. यातला रस्ता लेकरू बारा-तेरा वर्षांचं होईपर्यंत ठरवून ठेवा, म्हणजे शेवटच्या दोन वर्षांची उद्दिष्टं त्याप्रमाणे लिहिता येतील. त्याच्या आधी परीक्षेचं ओझं कागदावर आणायची काही गरज नाही.

साहेब, तुमच्याकडं दोन मागण्या आहेत. मंडळनिहाय पावसाचे आकडे पावसाळाभर रोज छापा, मधेच जागा नाही म्हणून गाळू नका, आमच्यासारख्यांची वही त्याच्यावर चालते. आणि जूनच्या आधी एखाद्या रविवारी घरी शिकवणाऱ्या पालकांचे वर्षाचे कागद मागवा, लेकरांची नावं न टाकता त्यातले चार-पाच छापा, एक शेतकऱ्याच्या घरचा, एक नोकरदाराचा, आणि एखादा वस्तीवरच्या मुलीचा असेल तर तो सगळ्यात वर. आमचा पाठवायला मी तयार आहे.

आपली नियमित वाचक,
एक आई, औसा, जि. लातूर