भाऊसाहेब, माझ्या नावाचा रकाना भरल्याबद्दल

आदरणीय भाऊसाहेब,
सादर नमस्कार.

(ग्रामसेवक या पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण आमच्या तोंडात भाऊसाहेबच बसलंय.)

गेल्या महिन्यात फ्रान्समधल्या ल्यों शहरात, नगरपालिकेत माझं लग्न लागलं. उपमहापौरांनी कायद्याची कलमं वाचली, आम्ही दोघांनी 'हो' म्हटलं, साक्षीदारांनी सह्या केल्या. अक्षता नाहीत की मंगलाष्टका नाहीत. एवढ्याशा कामामागं तुमची किती धावपळ होती ते गावात कुणालाच माहीत नाही, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय.

इथं परदेशी माणसाला लग्नासाठी सहसा सहा महिन्यांच्या आत काढलेला जन्मदाखला लागतो. आजी म्हणाली होती, "पोरगी काय दर सहा महिन्याला जलमती का?" पण त्याला कारण आहे. फ्रान्समध्ये लग्न झालं की त्याची नोंद जन्माच्या नोंदीच्या समासात करतात. ताजा दाखला बघितला की माणूस आधीच कुणाशी बांधलेला आहे का, ते कळतं. आपल्या रजिस्टरात जन्म लिहिला की विषय संपला. म्हणून अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र मला वेगळं करावं लागलं.

माझं घोडं तर त्याच्याही आधी अडलं होतं. माझा जन्म डिसेंबर १९९३ चा, औसा तालुक्यातल्या आजोळचा. ३० सप्टेंबरचा किल्लारीचा भूकंप होऊन अडीच महिने झाले होते. आईचं बाळंतपण पत्र्याच्या शेडमध्ये झालं. बारशाची कुणाला शुद्ध होती? नोंद झाली ती 'स्त्री' एवढीच. पुढं पासपोर्ट शाळेच्या टीसीवर निघाला, त्यामुळं ही गोष्ट कधी उघड झालीच नाही.

एका कार्यालयानं तर, पंधरा वर्षं उलटली, आता नाव घालता येत नाही, म्हणून मला वाटेला लावलं होतं. तुम्ही कपाटातून परिपत्रक काढलंत. मुदत वाढलेली होती. मग ते कडा झडलेलं रजिस्टर उघडून ओळीखाली पट्टी धरलीत आणि त्या कोऱ्या रकान्यात माझं नाव लिहिलंत. आधी पासपोर्टवरचं एकेक अक्षर मोठ्यानं वाचून, मग. तेवढ्या वेळात तुमचा चहा गार झाला.

आईचं नाव रजिस्टरात माहेरचं आणि माझ्या पासपोर्टवर सासरचं. एकाच बाईची दोन नावं कशी, हे इथल्या नगरपालिकेतल्या बाईंना समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले असते. पण दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र तुम्ही आधीच करायला लावलं होतंत.

पुढचं सगळं रीतसर झालं. राज्याचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा ॲपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का. भारत २००५ पासून या शिक्क्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, म्हणून दूतावासाचे हेलपाटे वाचले. इथं शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर झालं आणि आमच्या लग्नाची सूचना दहा दिवस नगरपालिकेच्या दारावर लागली, आपल्या चावडीवर नोटीस लावतात तशी.

लग्नानंतर एक कुटुंब-पुस्तिका मिळाली. तिच्यात माझ्या जन्मगावाचं नाव आहे. बाईंना ते वाचता येईना, तुम्ही दिलेल्या दाखल्यावर बोट ठेवून अक्षर अक्षर लावत त्यांनी उतरवून घेतलं. त्या पानाचा फोटो मामाच्या फोनवर पाठवलाय. आजी दाखवायला येईल, सोबत पेढेही आणेल. तेवढे तरी नाही म्हणू नका.

तुमची,
रजिस्टरातली 'स्त्री'