फुफ्फुसाची गाठ जाळल्यावर रक्त पडलं तर कुठं जायचं, हे मराठीत लिहून द्या

मा. संपादक साहेब, नमस्कार.

सोयाबीनच्या सोंगणीतली गोष्ट. बाबा वावरात नुसते पाहायला गेले होते, परत येऊन ओसरीत बसले आणि एक खोकला आला तर दुपट्टा लाल भडक. थुंकीत धागा दिसते तसं नाही, गुठळ्याच पडल्या.

16 दिवसांआधी नागपुरात त्यांच्या फुफ्फुसातली गाठ मायक्रोवेव्हनं जाळली होती, आतड्याचा कॅन्सर पसरून ती तिथं झालेली. सीटी स्कॅनमध्ये बघत सुई टाकतात, 60 डिग्रीच्या वर तापवतात, चिरफाड नाही. उपचार चांगला आहे, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण सुट्टी देताना सांगितलं की दोनचार दिवस थोडं रक्त येईल, घाबरू नका. म्हणून आम्ही घाबरलोच नाही, आणि जवळच्या दवाखान्यात गेलो तर त्यांनी टीबी धरला, थुंकी तपासायला दिली, एक्सरेत डाग दिसला पण तो तर गाठ जाळल्यावर दिसतेच. दोन दिवस तिथंच गेले.

शेवटी नागपूरला सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दिसतात असा सीटी स्कॅन, केली तेव्हा कळलं. गाठीला लागून फुफ्फुसाच्या धमनीची फांदी होती, उष्णतेनं तिची भिंत कमजोर झाली आणि तिथं फुगा आला. हा फुगा काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही फुटू शकते आणि फुटला तर रक्त श्वासनळीत भरून माणूस गुदमरते. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी टाकून त्यात कॉइल, म्हणजे रक्त अडवणारी बारीक तारेची गुंडाळी, बसवली, रक्त थांबलं. हे क्वचितच होते, डॉक्टर म्हणाले. फुफ्फुसाभोवती हवा भरणं जास्त वेळा होते, ते त्यांनी आधी सांगितलंही होतं. मग हे का नाही सांगितलं?

आमच्या फाईलीत एक ओळ मराठीत नाही. मोठ्या दवाखान्यांना विनंती आहे की सुट्टीच्या कागदावर मराठीत लिहा: रक्त वाढलं किंवा दोन आठवड्यांनी नव्यानं आलं तर वाट पाहू नका, ज्या बाजूची गाठ जाळली त्याच कुशीवर झोपवा म्हणजे रक्त चांगल्या फुफ्फुसात जात नाही, 108 ला फोन करा आणि अँजिओग्राफी, कॉइल होते तिथंच न्या. तालुक्याच्या डॉक्टरसाठीही एक चिठ्ठी द्या, त्यांच्याकडं असा पेशंट वर्षात एखादा येत असेल, त्यांना तरी कसं सुचणार.

आणि घरच्यांनो, रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल तर ती परत कधी घ्यायची हे लिहूनच घ्या.

एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ