इंडेक्स म्हणजे लग्नाची नोंद नव्हे

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत घराण्याचा इतिहास ऑनलाइन कसा शोधायचा यावर लेख आला होता, आवडला, पण एक महत्त्वाची गोष्ट त्यात राहिली आणि नेमकी तिच्यापायी आमची दोन वर्षं फुकट गेली म्हणून लिहितेय.

माझ्या सासूबाई भुसावळच्या, अँग्लो-इंडियन, त्यांचे आजोबा जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत ड्रायव्हर होते. मुंबई इलाख्यातल्या चर्चमध्ये झालेल्या लग्नांच्या नकला तेव्हा लंडनला पाठवायचे, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत, मुंबईची मालिका एन/३, अगदी १७०९ पासूनची. त्यांचे इंडेक्स, म्हणजे नावांच्या याद्या, फॅमिलीसर्च आणि फिबिस (ब्रिटिश काळातल्या भारतातल्या कुटुंबांचा शोध घेणारी संस्था) यांच्या वेबसाइटवर फुकट बघता येतात. मी आजोबांचं नाव टाकलं, लग्न सापडलं, साल जुळत होतं, गाव मात्र जबलपूर, म्हटलं रेल्वेवाले, बदली झाली असेल, आणि वंशावळीत टाकूनही दिलं. त्या लग्नातल्या नवऱ्यावरून पुढे तीन पिढ्या शोधत बसले आणि तो माणूसच दुसरा निघाला!

आमच्या आजोबांची खरी नोंद इंडेक्समध्ये होती हो, पण आडनावाचं पहिलं अक्षर एफ असताना कोणीतरी टी वाचलेलं. पहिल्या अक्षराच्या जागी चांदणी (*, म्हणजे तिथे कोणतंही अक्षर चालेल) टाकून शोधल्यावर ती मिळाली. मग पैसे भरून मूळ पानाचा स्कॅन बघितला तर इंडेक्समध्ये नसलेलं केवढं तरी त्यात होतं, दोघांची वयं, आजोबा विधुर होते (हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, सासूबाई कितीतरी वेळ गप्प बसून होत्या), दोघांच्या वडिलांची नावं, आणि साक्षीदारांमध्ये आजीची बहीण, जिचं नुसतं लाडाचं नाव आम्हाला ठाऊक होतं.

इंग्लंडमधल्या लग्नांचंही तसंच आहे. तिथली सरकारी नोंदणी १८३७ पासूनची, पण इंडेक्समध्ये जोडीदाराचं आडनाव १९१२ पासून येतं, त्याआधी फक्त नाव, जिल्हा, खंड आणि पान. दोन्ही नावं एकाच पानावर आली तरी त्या पानावर एकापेक्षा जास्त लग्नं असतात, मग कोणाचं कोणाशी झालं ते सर्टिफिकेट मागवल्याशिवाय नक्की सांगता येत नाही.

अजून एक. लंडनच्या कागदावरच्या सह्यासुद्धा नक्कल करणाऱ्याच्याच हातच्या असतात. आजोबांनी स्वतः सही केलेलं रजिस्टर इथल्याच चर्चमध्ये राहिलेलं असणार. आम्ही विचारायला गेलो तेव्हा कपाट उघडून दाखवलं, खालच्या दोन खणांतल्या वह्यांना वाळवी लागलेली. आमचं साल वरच्या खणात होतं म्हणून वाचलं. भुसावळ, इगतपुरी, मनमाड, दौंड, या सगळ्या रेल्वेच्या गावांतली अशी रजिस्टरं कोणी स्कॅन करून ठेवेल का? तुमच्या पेपरने हा विषय लावून धरावा एवढी कळकळीची विनंती. आमच्या चर्चपुरतं सांगायचं तर मी आणि माझा मुलगा सुट्टीच्या दिवशी येऊन बसायला तयार आहोत, तसं फादरना सांगूनही आलोय.

एक वाचक, भुसावळ