ओल्ड ट्रॅफर्ड पाडावे का? मित्रास पत्र

नाशिक

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. फोनवर आपला वाद नेहमी अर्धवट राहतो, त्यामुळे तू सगळे मुद्दे लिहून काढलेस हे फार बरे केलेस. तुझे म्हणणे असे, की इंग्लंडमधल्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबने आपल्या जुन्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर आता एक पौंडही घालू नये. मार्च २०२५ मध्ये क्लबने जाहीर केले त्याप्रमाणे शेजारीच एक लाख आसनांचे नवे मैदान बांधावे आणि जुन्याचा मोह सोडावा. माझे मत वेगळे आहे. आहे त्याच जागी, प्रेक्षकांचा एकेक स्टँड हाती घेऊन पुनर्विकास व्हावा, असे मला वाटते, आणि का वाटते ते आज नीट सांगण्याचा प्रयत्न करतो.

तुझ्या बाजूने जे खरे आहे ते आधी मान्य करतो. मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धचा सामना हरल्यावर जो पाऊस कोसळला, त्यात छपराच्या कोपऱ्यातून पाण्याचा धबधबा थेट प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर पडताना आपण पडद्यावर पाहिला. इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्या क्लब-मैदानाची ही अवस्था पाहून मलाही लाज वाटली. २०२८ च्या युरो या युरोपीय फुटबॉल स्पर्धेच्या मैदानांच्या यादीत मँचेस्टर शहरातून मँचेस्टर सिटी या प्रतिस्पर्धी क्लबचे मैदान आहे आणि ओल्ड ट्रॅफर्ड नाही, हेही बोचते. दक्षिणेकडचा स्टँड, ज्याला २०१६ पासून सर बॉबी चार्लटन यांचे नाव आहे, तो आजही एकमजली आहे, कारण त्याच्या पाठीला चिकटून रेल्वेमार्ग जातो आणि वर मजले चढवायचे तर रुळांवरून बांधकाम न्यावे लागेल. पुनर्विकास केला तरी आसने सध्याच्या सुमारे ७४ हजारांवरून ८७ हजारांच्या आसपासच जातील, असा अंदाज मांडला गेला आहे. शिवाय नवे मैदान शेजारी उभे राहत असताना संघ जुन्यात खेळत राहील, पुनर्विकासात मात्र काही हंगाम एकेक बाजू बंद ठेवावी लागेल. या शेवटच्या मुद्द्यावर तुझी बाजू जड आहे.

पण ‘ओल्ड ट्रॅफर्ड ११५ वर्षांचे जुने झाले’ असे जे तू लिहितोस, ते मला पटत नाही. वास्तुविशारद आर्चिबाल्ड लीच यांनी आखलेले जे मैदान फेब्रुवारी १९१० मध्ये खुले झाले, त्यातले आज जवळजवळ काहीच उरलेले नाही. मार्च १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात ते उद्ध्वस्त झाले आणि संघाला १९४९ पर्यंत प्रतिस्पर्धी सिटीच्या मेन रोड मैदानावर सामने खेळावे लागले. पुढे १९८९ च्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेनंतर चौकशीचा टेलर अहवाल आला, वरच्या दर्जाच्या मैदानांवर उभे राहून सामना पाहणे बंद करून सर्वत्र खुर्च्या बसवण्याचे ठरले, आणि त्यासाठी १९९२ मध्ये स्ट्रेटफर्ड एंड हा पश्चिमेचा स्टँड पाडून नव्याने बांधला गेला. उत्तरेचा तीनमजली स्टँड १९९५-९६ चा आहे. त्यालाच पुढे सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांचे नाव दिले. मग २००० च्या सुमारास पूर्व आणि पश्चिम बाजू उंचावल्या आणि २००६ मध्ये कोपरे भरले. म्हणजे ज्याला आपण जुने म्हणतो ते मैदान दर पिढीत थोडे थोडे नवे होत आले आहे. १९१० च्या मूळ बांधकामापैकी उरला आहे तो दक्षिण स्टँडखालचा खेळाडूंचा जुना बोगदा. म्युनिकच्या विमान अपघातात गेलेले युनायटेडचे आठ खेळाडू त्याच बोगद्यातून मैदानावर येत असत, आणि त्याच स्टँडच्या कोपऱ्याला बाहेरून ६ फेब्रुवारी १९५८ ही तारीख लिहिलेले घड्याळ लावलेले आहे. घड्याळ उद्या नव्या भिंतीवर नेता येईल, बोगदा नेता येणार नाही. तरीही माझा विरोध केवळ स्मृतींपोटी नाही. जे काम या क्लबने शंभर वर्षे टप्प्याटप्प्याने केले, ते आता अचानक अशक्य कसे झाले, हा माझा प्रश्न आहे.

याचे उत्तर मला पैशात दिसते. नव्या मैदानाचा अंदाज दोन अब्ज पौंडांचा आहे, म्हणजे आपल्या हिशेबात वीस हजार कोटींहून अधिक. फॉस्टर अँड पार्टनर्स या वास्तुरचना संस्थेच्या आराखड्यातले तीन प्रचंड खांब आणि त्यांवर ताणलेले छत्रीसारखे छप्पर खरोखर देखणे आहे. सुट्या भागांतून बांधकाम करून ते जहाजांच्या कालव्यातून आणायचे आणि पाच वर्षांत काम संपवायचे, ही कल्पनाही मला आवडली. क्लबच्या सांगण्याप्रमाणे त्या परिसरात १७ हजार घरे आणि ९२ हजार रोजगार उभे राहतील. परंतु हा पैसा कोण भरणार? २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने क्लब विकत घेतला तेव्हा खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच डोक्यावर ठेवला, आणि तोपर्यंत कर्जमुक्त असलेला क्लब त्यानंतर वर्षानुवर्षे व्याज भरत राहिला. त्या काळात छपराकडे कोणी पाहिले नाही, म्हणून आज छप्पर गळते. आता सहमालक सर जिम रॅटक्लिफ यांच्या हाती कारभार आल्यावर शेकडो कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केले गेले, आणि २०२४-२५ च्या हंगामाच्या मध्येच सदस्यांसाठी उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड करण्यात आला. लहान मुले आणि ज्येष्ठ नागरिक यांनाही त्यात सवलत नव्हती. म्हणजे एका माणसाला एका सामन्यासाठी सुमारे सात हजार रुपये. गळक्या छपराखाली बसवून ज्या क्लबने पोराबाळांकडून इतके घेतले, तो दोन अब्जांच्या छताखाली किती घेईल?

इथे नाशिकमध्ये कॉलेज रोडला आम्ही जे सामने एकत्र पाहतो, तिथेही यावरून दोन तट पडले आहेत. आमच्यातला अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी तुझ्याच बाजूचा आहे आणि त्याचे कारण साधे आहे: त्याला आयुष्यात एकदा तरी तिथे जाऊन सामना पाहायचा आहे, आणि ७४ हजारांत बाहेरच्या माणसाला तिकीट मिळत नाही, लाखात कदाचित मिळेल. त्याचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही, कारण ती माझीही इच्छा आहे. पण नोट प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका, ज्यांचे तारुण्य देवळालीच्या मैदानांवर फुटबॉल खेळण्यात गेले, त्यांनी मला या वादाचा गाभा दाखवला. ते वाढले जुन्या नाशकातल्या वाड्यात, भाड्याच्या दोन खोल्यांत. तू आमचे वाडे पाहिले आहेस. पावसाळा आला की मातीच्या भिंती फुगतात, तुळयांना खालून लाकडी टेकू लागतात, महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस दाराच्या चौकटीवर डकवली जाते, आणि तरीही भाडेकरू हलत नाहीत. बाहेरच्याला वाटते, किती हट्टी लोक आहेत, जिवाची पर्वा नाही. काका म्हणाले, “भिंत पडेल याची भीती आम्हालाही असायची, पण त्याहून मोठी भीती ही, की एकदा सामान बाहेर काढले की नव्या इमारतीत आपल्याला परत घेतील की नाही.” मालकाने खोलीचा करार लिहून दिला असता तर त्यांच्या वडिलांनी पहिल्याच वर्षी वाडा सोडला असता. मँचेस्टरमधला जो माणूस वडिलांच्या शेजारच्या खुर्चीवर लहानाचा मोठा झाला, तो ‘नवे मैदान नको’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात मला हेच दिसते.

आणि ही भीती निराधार नाही, याचा पुरावा नेमका आपल्या कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर आहे. लिव्हरपूलने स्टॅन्ली पार्कमध्ये नवे मैदान बांधण्याची योजना बरीच वर्षे बाळगून शेवटी सोडली आणि आपल्या अ‍ॅनफील्ड मैदानाचाच विस्तार केला. मुख्य स्टँड जुन्या स्टँडच्या मागे उभा करत नेला, सामने चालू राहिले, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये तो खुला झाला तेव्हा आसने ४५ हजारांवरून ५४ हजारांवर गेली. पुढे अ‍ॅनफील्ड रोडची बाजू वाढवताना मधेच कंत्राटदार कंपनी डबघाईला आली, काम रखडले, तरीही २०२४ पर्यंत क्षमता ६१ हजारांच्या घरात पोचली. माझ्या पक्षाला हे उदाहरण इतके उपयोगी आहे, की लिव्हरपूलची स्तुती करावी लागते याचेही मला दुःख नाही. मात्र त्याच अ‍ॅनफील्डवर फेब्रुवारी २०१६ मध्ये काय झाले ते आठव. नव्या स्टँडमधले सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे असेल, असे मालकांनी जाहीर केले. संडरलँडविरुद्धच्या सामन्यात लिव्हरपूल दोन गोलांनी पुढे असताना ७७ व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठले आणि चालू सामना सोडून बाहेर पडले. स्टँड रिकामे होत असताना संडरलँडने दोन्ही गोल फेडले. काही दिवसांतच मालकांनी माफी मागितली आणि दर मागे घेतले. पुनर्विकास झालाच, पण किती दराने हे ठरवताना खुर्चीवर बसणाऱ्याचे ऐकावे लागले. मला युनायटेडमध्ये नेमके हेच हवे आहे.

जागा सोडून गेलेल्यांचे अनुभव संमिश्र आहेत, हे मी मान्य करतो. टॉटनहॅमने त्याच जागी जुने पाडून नवे बांधले, मधला काळ वेम्बलीत काढला, आणि २०१९ मध्ये उघडलेले त्यांचे मैदान उत्तम आहे. वेस्ट हॅमने २०१६ मध्ये अप्टन पार्क सोडून ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या मैदानात बिऱ्हाड हलवले, तिथे अ‍ॅथलेटिक्सच्या धावपट्टीमुळे प्रेक्षक हिरवळीपासून दूर गेले, आणि मार्च २०१८ मध्ये बर्नलीविरुद्ध चिडलेले समर्थक मैदानात उतरले. एव्हर्टनने २०२५ मध्ये गुडिसन पार्क सोडले, पण पाडले नाही, तिथे आता त्यांचा महिला संघ खेळतो. युनायटेडमध्ये मात्र नवे उभे राहिले की जुने जमीनदोस्त करण्याचा विचार आहे. निदान गुडिसनसारखा मार्ग तरी त्यांनी मोकळ्या मनाने तपासायला हवा होता.

निर्णय कोणी घ्यायचा, या प्रश्नावर तू पत्रात काहीच लिहिले नाहीस. बार्सिलोना क्लबने आपल्या कँप नोऊ मैदानाच्या पुनर्विकासासाठी दीड अब्ज युरोंचे कर्ज काढण्याआधी, डिसेंबर २०२१ मध्ये, सदस्यांचे मतदान घेतले आणि सदस्यांनी मोठ्या बहुमताने होकार दिला. पुढे काम एक वर्ष लांबले, संघाला माँजुइकच्या टेकडीवरच्या मैदानात दोन हंगामांहून अधिक काळ काढावा लागला, २०२५ च्या नोव्हेंबरात परतले तेही अर्धवट बांधलेल्या मैदानात. तरीही तिथला सदस्य असे म्हणू शकत नाही, की मला कोणी विचारले नाही. युनायटेडच्या समर्थकाला मताचा अधिकार नाही. त्याच्याशी चर्चा होते, पण शेवटचा शब्द मालकांचा. २००५ मध्ये याच रागातून काही समर्थकांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला, जिथे एका सदस्याला एकच मत असते, आणि दहा वर्षांनी वर्गणी, भाग आणि अनुदाने जमवून ब्रॉडहर्स्ट पार्क हे चारेक हजार प्रेक्षकांचे छोटे मैदान बांधून दाखवले. मैदान कसे असावे हे समर्थकांना कळत नाही, असे म्हणणाऱ्याने तिथे जाऊन पाहावे.

तू म्हणशील, नाशकात आणि कोल्हापुरात बसून आपण एवढे का तावातावाने बोलतो. माझे उत्तर तुझ्याच गावातून घेतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाचा सामना असला की पेठांतून माणसे चालत येतात, आणि त्या मैदानाचे काय करायचे हे उद्या कोणी पेठांना न विचारता ठरवले, तर तू गप्प बसशील का? मला ठाऊक आहे, बसणार नाहीस. मग मँचेस्टरच्या पेठेतल्या माणसाला तोच हक्क आहे, आणि आपण दूरचे चाहते असल्यामुळे आपले काम त्याच्या बाजूने उभे राहण्याचे आहे. आपल्यासारख्या दूरदेशींच्या पाहुण्यांना तिकिटे विकून जास्त पैसे मिळतात, म्हणून त्याची खुर्ची गेली, तर त्या खुर्चीवर बसून मला सामना पाहवणार नाही.

म्हणून माझी भूमिका अशी. पहिल्यांदा दक्षिण स्टँडच्या रेल्वेमार्गाचा प्रश्न खर्चासह उघडपणे मांडला जावा, छप्पर तातडीने दुरुस्त व्हावे, आणि पुनर्विकास टप्प्याटप्प्याने व्हावा. नवेच बांधायचे ठरले तर आजच्या सीझन तिकीटधारकाला त्याच्या ऐपतीत राहील अशा दराने जागा मिळेल, हे बांधकामाआधी लिहून दिले जावे. एवढे लेखी मिळाले तर तुझ्या लाख आसनांना माझा विरोध उरणार नाही, हे मी आजच सांगून ठेवतो.

पुढच्या पत्रात मला एका गोष्टीचे थेट उत्तर हवे आहे. त्या एक लाख खुर्च्यांपैकी किती खुर्च्या स्ट्रेटफर्ड एंडच्या आजच्या दरात राहाव्यात, असे तुला वाटते? आकडा लिही. मुंबईहून परतताना नाशिकमार्गे येणार असशील तर आणखीच बरे. काकांना तुझ्याशी बोलायचे आहे, आणि त्यांनी तुझ्यासाठी देवळालीच्या जुन्या संघांचे फोटो शोधून ठेवले आहेत.

घरी सर्वांना नमस्कार सांग, आईंना विशेष.

तुझाच,
नाशिककर मित्र