आत्याला विचारायला हवं होतं

ऐरोली,
डिसेंबरचा पहिला रविवार

प्रिय दिनू,

परवा फोनवर तू विचारलंस, "निवट्या मिळतात का रे अजून?" मी नुसतं "मिळतात" म्हणालो आणि तुझ्या नोकरीकडे वळलो. नंतर रात्रभर ते उत्तर मनाला लागून राहिलं. मिळतात, पण बिळातले ते मासे धरायला तुझ्या आत्याला गुडघाभर चिखलातून पूर्वीपेक्षा कितीतरी लांब जावं लागतं. चिंबोरीही आता लहानच हाती येते. तरी अंडी धरलेली मादी सापडली की ती परत पाण्यात सोडते. तिला हे कुणी शिबिरात शिकवलेलं नाही.

तुला एक कबुली द्यायची आहे. गेल्या वर्षी पावसाळ्यात सोसायटीतले आम्ही वीसेक जण तिवराची, म्हणजे खारफुटीची रोपं लावायला ठाणे खाडीवर गेलो होतो. समोर मोकळा चिखल दिसला, तिथेच लावली. आत्या बांधावरून बघत होती. म्हणाली, "पोरा, झारं हितं लावशील त निवट्यांनी जावाचं कुठं?" मी हसून टाळलं. मी चुकलो होतो, दिनू. ओहोटीला उघडा पडणारा तो चिखल रिकामा नसतो. निवट्यांची बिळं तिथे, खुबे तिथे, शिवल्या तिथे. हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, मान खाली घालून, चोच उलटी धरून त्याच चिखलपाण्यातलं शेवाळ गाळून खातात. गाळ साचून आपल्या खाडीत कांदळवन तसंही पुढे सरकत चाललंय. उरलेला चिखलही आपण झाडांनी भरला, तर या सगळ्यांनी खरंच जायचं कुठं? दिवाळीपर्यंत आमची निम्मी रोपं भरतीबरोबर वाहून गेली होती. बाकीची प्लास्टिकच्या पिशव्यांच्या ओझ्याने आडवी झाली.

त्यानंतर मी आत्याच्या मागे मागे फिरायला लागलो. तिने मला रस्त्याखालची एक मोरी दाखवली, राडारोड्याने बुजलेली. मोरीच्या अलीकडचं तिवर हिरवंगार आणि पलीकडचं उभ्या उभ्या वाळलेलं. तिवराची मुळं पेन्सिलीसारखी चिखलातून वर येतात आणि हवा घेतात, हे आपण लहानपणी बघितलंय. भरतीचं पाणी दिवसातून दोनदा येऊन निघून गेलं तर ती जगतात. पाणी तुंबून राहिलं की गुदमरतात आणि आलंच नाही की सुकतात. नेरूळच्या तळ्याचं तू पेपरात वाचलं असशील. तिथेही खाडीच्या पाण्याची वाटच बुजली होती, आणि पक्ष्यांचे हाल झाले. आमच्या मोरीसाठी चार महिने अर्ज केले, फोन केले, फोटो पाठवले. शेवटी एकदाचं मशीन आलं. त्यानंतरच्या पावसाळ्यात भरतीबरोबर तिवराच्या बिया आपसूक आत आल्या. आज तिथे वीतभर उंचीची रोपं आहेत, एकही आम्ही लावलेलं नाही. ते बघून आत्या काही बोलली नाही, नुसती बोटाने मोजत राहिली.

कायदा आपल्या बाजूला आहे, हे मी मनापासून मानतो. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने कांदळवनाची तोड थांबवली नसती तर आज बोलायला काही उरलंच नसतं. २०१२ मध्ये राज्याचा कांदळवन कक्ष झाला, २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, आणि २०२२ मध्ये खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. अभयारण्याच्या १,६९० हेक्टरांपैकी ८९६ हेक्टर कांदळवन आहे, बाकी पाणी. पण कुठली मोरी कधी तुंबली हे कळायला रोज चिखलात पाय घालणारं माणूस लागतं. आणि नेमक्या त्या माणसाला आपण शेवटी बोलावतो. स्वच्छता मोहिमेला कोळीवाड्याची होडी हवी असते, गोण्या उचलायला पोरं हवी असतात. कुठे काय करायचं हे मात्र आधीच ठरलेलं असतं. मीही तेच करत होतो, म्हणून राग जास्त येतो.

आता आम्ही पाण्याच्या जुन्या वाटांचा नकाशा काढतोय. ड्रॉइंग पेपरवर, हातानेच. आत्याला काठ पाठ आहे, पण खाडीचे आतले फाटे तिला माहीत नाहीत, ती होडीत फारशी बसलीच नाही. ते तुझ्या वडिलांना, अण्णांना माहीत. तेव्हा तुझ्याकडे काम आहे. त्यांच्याजवळ बस आणि लिहून घे. कुठला फाटा कुठे फुटायचा, त्याला काय म्हणायचे, किती पाण्याला होडी आत शिरायची. त्यांना ऐकू कमी येतं, घाई करू नकोस. आठवेल तसं, मागचं पुढे झालं तरी चालेल.

आणि जमलं तर त्यांना घेऊनच ये. अमावास्येच्या आसपास ये. उधाणानंतरची ओहोटी खूप खाली जाते, तेव्हा फाटे उघडे दिसतात. होडी मी मागून ठेवतो. आत्या म्हणाली, दादा येणार असेल तर खुब्यांचं कालवण करते.

तुझा,
अविनाश