टीव्ही लायसन्स : भाड्याच्या नव्या घरात जाणाऱ्यांनी वाचावे

मंडळी, सप्टेंबरात ब्रिटनमध्ये बरेच जण घर बदलताय. चावी घेण्याआधी भाडेकरारात टीव्ही लायसन्सबद्दल काय लिहिलंय ते बघा.

- कुठलंही चॅनेल लाइव्ह पाहायला लायसन्स लागतं, मग ते मोबाईलवर का असेना. भारतातल्या मराठी बातम्या आणि क्रिकेटही त्यात आलं! बीबीसी आयप्लेअरवर (बीबीसीचे कार्यक्रम ऑनलाइन दाखवणारी सेवा) तर जुने कार्यक्रम पाहायलाही लागतं.
- सगळ्यांचा करार एकत्र असेल तर सहसा घराला एक पुरतं. खोलीगणिक वेगळा करार असेल तर ज्याचं त्याने काढायचं.
- आधीच्या भाडेकरूचं चालत नाही.

दंड १००० पौंडांपर्यंत होऊ शकतो. यातलं काहीच पाहत नसाल, तर तसं ‘टीव्ही लायसन्सिंग’ला (लायसन्स देणाऱ्यांना) ऑनलाइन कळवा. त्यांच्याकडून नावाऐवजी ‘सध्याचे रहिवासी’ असं लिहून आलेलं पत्र कृपया कचऱ्यात टाकू नका.